तुरीचा शेंडा आणि सखाहरी

एका गावात एक भोळा माणूस होता. भोळे तसे गावात बरेच होते, पण ते सवडीने भोळे असत. सखाहरी बारमाही होता.

तो तेलाच्या घाण्यावर कामाला होता. बैल गोल फिरायचा, त्याच्या मागे हा फिरायचा. मालकाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बैलाच्या मागं राहा." एकदा बैल सुटून आठवडी बाजारात गेला. सखाहरीही मागोमाग गेला, बाजारभर फिरला आणि संध्याकाळी बैल परतला तेव्हा हाही परतला. सांगितलेलं काम मोडायचं नाही, एवढं त्याला पक्कं कळत होतं.

त्याची बायको मंजुळा शहाणी होती. तिचा नवऱ्यावर जीवही होता. म्हणून संसार चालला होता.

आषाढात मंजुळेचे वडील, सावरखेडचे तात्याबा, बांधावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले. हाडवैद्याने कामट्या बांधल्या आणि सांगितलं, सहा महिने पाय टेकायचा नाही. नेमकं त्याच वर्षी तात्याबांनी तालुक्याच्या पीकस्पर्धेत आपली तूर घातली होती. मागची तीन वर्षं त्यांचा दुसरा नंबर आला होता. दुसऱ्या नंबराचे तीन कागद भिंतीवर होते, आणि त्यांच्याकडे बघत पडून राहणं त्यांना पायाच्या दुखण्यापेक्षा जड जात होतं. मुलगा नव्हता. मळ्यातल्या कामाला माणूस हवा होता.

मंजुळा आईला म्हणाली, "आमचे हे येतील. सांगितलेलं जसंच्या तसं करतात."

हे खरंच होतं.

दोघं सावरखेडला राहायला आली. तात्याबांची खाट मळ्यातल्या घराच्या पडवीत होती. तिथूनच त्यांनी श्रावणात पहिलं काम सांगितलं.

"जावईबापू, तूर नुसती उंच चाललीय. अशी गेली तर शेंड्याला चार शेंगा येतात आणि खालून झाड बोडकं. शेंडा बोटभर खुडायचा. मग झाड वर जायचं सोडतं आणि बाजूनं फुटतं. जितके फुटवे तितक्या शेंगा."

"किती बोटं, मामा?"

"एक."

"कुणाचं?"

तात्याबांनी थोडा विचार केला. "तुमचंच."

सखाहरी तीन दिवस तुरीत होता. प्रत्येक झाडाला बोट लावायचं, मापायचं, खुडायचं. पंधरा दिवसांनी तूर अशी फुटली की दोन ओळींतून माणूस जाईना. तात्याबा कोपरावर रेटून उठले आणि बघत राहिले.

"मी एवढं सारखं खुडलं नसतं," ते म्हणाले.

मंजुळेने त्या दिवशी पुरण घातलं. सखाहरी चार पोळ्या जेवला आणि त्याला वाटलं, आपल्याला शेती येते.

भादव्यात तात्याबा म्हणाले, "जोंधळ्याकडं एक चक्कर मारा."

सखाहरीने चक्कर मारली. जोंधळा त्याच्या डोक्याच्या वर गेला होता. तुरीपेक्षा कितीतरी उंच. त्याने वर चढायला घरातून घडवंची आणली, विळा आणला, आणि दिवस मावळेपर्यंत एकूण एक शेंडा उतरवला.

"मामा, जोंधळाही खुडला. फारच उंच चालला होता."

तात्याबा म्हणाले, "बापू, जोंधळ्याचं कणीस शेंड्यालाच येतं."

"हो ना. नुकतीच बाहेर पडत होती. म्हणून तर शेंडा सापडायला सोपा गेला."

"जनावरांना वैरण झाली," सासूबाई सोनाबाई म्हणाल्या. त्या प्रत्येक गोष्टीची बरी बाजू बघत.

तात्याबांना जावयावर ओरडता येईना. जावई होता. त्यांनी शांतपणे सांगितलं, "खुडणं आता बंद. घेवड्याकडं बघा. वेलाची जात आहे. जमिनीवर लोळला की शेंगा कुजतात. काठी रोवायची, सुतळीनं वर बांधायचं. वर चढला की भरपूर लागतं."

"वेल वर बांधायचा."

"हां."

घेवडा सकाळीच बांधून झाला. पलीकडे लाल भोपळ्याचा वेल जमिनीवर लोळत होता. सखाहरीला त्याची दया आली. त्याने चाळीस काठ्या रोवल्या, वेल उचलला आणि छातीइतक्या उंचीवर बांधला. पाच-पाच शेरांचे भोपळे हवेत लोंबायला लागले. दुरून बघायला छान दिसत होतं.

दुपारी ऊन तापलं आणि देठ सुटायला लागले. पहिला भोपळा मातीवर पडला. दुसरा पहिल्यावर पडला. तिसरा सोनाबाईंच्या नव्या माठावर पडला. चौथा उतारावरून गडगडत पडवीत आला आणि तात्याबांच्या खाटेशी थांबला. तात्याबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"बापू, भोपळा जड असतो."

"मी उचलून बघितला होता, मामा. म्हणून तर दोन-दोन गाठी मारल्या."

"चार दिवस भाजीचा प्रश्न मिटला," सोनाबाई म्हणाल्या. पण माठाचे तुकडे गोळा करताना म्हणाल्या.

दिवाळी झाली. तात्याबांनी यावेळी पेरूचं काम दिलं, आणि सगळं फोडून सांगितलं. "फांदी सरळ वर गेली की तिला माज येतो. नुसती पानं धरते. तिला दगड बांधून खाली वाकवायची. वाकली की अंगभर डोळे फुटतात आणि डोळ्याडोळ्याला फूल येतं. सरळ फांदी दिसली की वाकवा."

पेरू झाला. छान झाला. मग सखाहरी घरामागे गेला. तिथे शेवगा होता. पेरूपेक्षा सरळ आणि पेरूपेक्षा माजलेला. हा शेवगा सोनाबाईंनी लग्न होऊन आल्यावर लावला होता आणि त्याच्या शेंगा साऱ्या सावरखेडला वाटल्या जात. सखाहरीला वाटलं, सासूबाईंचं झाड आहे, दगड साधा नको. त्याने जात्याची तळी उचलून आणली.

शेवगा वाकत नाही. शेवगा मोडतो. त्या दिवशी तो आधी एका बाजूने मोडला, मग दुसऱ्या बाजूने, आणि शेवटी मधोमध शेळ्यांच्या गोठ्यावर बसला. शेळ्या दोन दिवस शेवग्याचा पाला खात होत्या. त्यांची काही तक्रार नव्हती.

सोनाबाईंना मात्र यात बरी बाजू सापडली नाही. त्या संध्याकाळी सखाहरी जेवायला आला नाही. मंजुळा ताट घेऊन त्याच्याकडे गेली. तो मोडलेल्या शेवग्याच्या खोडावर बसला होता.

"अहो, सांगितलेलं झालं की थांबावं ना. पुढचं न विचारता का करता?"

"मामा एवढं शिकवतात. त्यांना उठता येत नाही, तरी शिकवतात. ते वाया जाऊ नये म्हणून."

मंजुळेने भाकरी मोडून त्याच्या हातात दिली.

पौष आला. तूर वाळली, शेंगा भरल्या, आणि परीक्षक उद्या येणार असा निरोप आला. तात्याबांना रात्रभर डोळा लागला नाही. तुरीला काही व्हायच्या आत जावयाला लांब कुठेतरी गुंतवायला हवं होतं. पहाटे त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"बापू, आज वांग्याकडं जा. झाडाची खालची पानं पिवळी पडलीत. ती सावलीत पडून असतात. काम काही करत नाहीत, वरच्यांचं नुसतं बसून खातात. अशी पिवळी दिसली की हलक्या हातानं काढायची आणि ओढ्याकडच्या उकिरड्यावर टाकायची. खत होतं. आणि नीट ऐका. आज वांगं सोडून दुसऱ्या कुठल्याही झाडाला हात लावायचा नाही."

"दुसऱ्या झाडाला नाही लावत."

"शपथ?"

"शपथ, मामा."

सखाहरीने खरोखर शपथ पाळली. वांग्याची पिवळी पानं काढली, पाटीत भरली, आणि वाटेत पाणी प्यायला पडवीशी थांबला. सोनाबाई तात्याबांना फेटा बांधत होत्या. त्या म्हणाल्या, "आज चारचौघं यायची. जरा हसून बोला. सहा महिने सावलीत पडून पडून पिवळे पडलात नुसते."

मग त्या आणि मंजुळा परीक्षकांना घ्यायला रस्त्याकडे गेल्या.

सखाहरी पाणी प्यायचा थांबला. त्याने तात्याबांकडे नीट पाहिलं. पिवळे होते. सावलीत होते. काम करत नव्हते. समोर खाल्लेल्या पोह्यांची ताटली होती. पण त्याने शपथ घेतली होती, आणि तो शपथ मोडणारा नव्हता.

"मामा, एक विचारू? तुम्ही झाड नाही ना?"

रात्रभराच्या जागरणाने तात्याबांचे डोळे मिटत होते. "नाही बाबा," ते म्हणाले.

सखाहरीने त्यांना गोधडीसकट हलक्या हाताने उचललं. पायाला जराही धक्का लागू दिला नाही. तात्याबांना वाटलं, जावई आपल्याला तूर दाखवायला नेतोय. त्यांना भरून आलं.

"बापू, मनातलं ओळखलंत," ते म्हणाले. "लोकं तुम्हाला काही का म्हणेनात."

सखाहरीलाही फार बरं वाटलं. सासऱ्यांनी त्याला श्रावणानंतर पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं.

ओढा मळ्याच्या पार टोकाला होता. तिथून हाक घरापर्यंत येत नाही.

इकडे परीक्षक तुरीत उतरले. तिघे होते. मुख्य बाई चष्मा लावून एकेका झाडाच्या शेंगा मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्या म्हणाल्या, "शेंडा इतका सारखा खुडलेला आम्ही सबंध तालुक्यात पाहिला नाही. पहिला नंबर यांचाच." सोनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मंजुळेने वळून नवऱ्याला शोधलं. तो रिकामी पाटी घेऊन ओढ्याकडून येतच होता. आयुष्यात प्रथमच तिला त्याच्याविषयी चार लोकांत मिरवावंसं वाटलं. ती म्हणाली, "खुडलं ते ह्यांनी."

बाईंनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि कागद पुढे केला. "छान. आता मालकांची सही तेवढी राहिली. कुठं आहेत मालक?"

"मामा होय?" सखाहरी हात पुसत म्हणाला. "ते पिवळे पडले होते. मघाशीच काढून उकिरड्यावर टाकले. पुढच्या पावसापर्यंत चांगलं खत होईल."