टॅग बंद करणाऱ्या साधनाची निवड

विषय: सरकारी वेबपानांचे टॅग आपोआप बंद करणारे साधन निवडणेबाबत.
संदर्भ: नावाडीण हौसाबाई यांची तोंडी तक्रार. (शब्दशः नोंदवण्याजोगी नाही.)

फार पूर्वी, पण संगणक आल्यानंतर, एका राज्यात एक कारकून होता. नदीवरच्या होडीच्या वेळा वेबपानावर लावणे हे त्याचे काम. जनतेने पाहायच्या पानासाठी एचटीएमएल, दप्तराच्या नोंदीसाठी एक्सएमएल, अशा दोन संगणकी लिप्या. दोन्ही तो हातानेच लिही. मजकुराच्या आधी टॅग नावाची खूण उघडायची आणि उघडलेला प्रत्येक टॅग मजकुरानंतर आठवणीने बंद करावा लागे. एकदा एक उघडाच राहिला आणि सकाळच्या सगळ्या फेऱ्या पानावरून नाहीशा झाल्या.

हौसाबाई वल्हे घेऊनच कचेरीत आली.

"कारकूनदादा, आठ दिस झाले, एकटीच पल्याड जातेय न् एकटीच परत येतेय. मासे भाडं देत्यात व्हय?"

"एक टॅग बंद करायचा राहिला, बाई."

"मग मागनं दार लावणारं कुणीतरी ठेवा की!"

कारकुनाला ते पटले. त्याने शोधून दोन साधने आणली. एक लहान: आपण फक्त मजकूर सांगायचा, टॅग तेच उघडणार, तेच बंद करणार आणि एचटीएमएल, एक्सएमएल दोन्ही काढून देणार. दुसरे थोर: शिकायलाच सहा महिने, पण पुस्तिका उशीएवढी जाड. लहान साधनाने वेळापत्रक दुपारच्या चहाआधी बिनचूक तयार झाले. आता ते वेबपानावर चढवायला फक्त एक बटण दाबायचे होते.

पण बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याने विचारल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडली नव्हती. तो प्रधानांकडे गेला.

"प्रधानजी, यातलं कुठलं घ्यावं? लहान्यानं काम होतंय."

"काम होतंय हे ठीक. पण उद्या कुणी विचारलं, हेच का घेतलं, तर दाखवणार काय? समिती नेमा."

समिती बसली. तिने पहिलाच ठराव केला: साधनासाठीचा अर्ज एक्सएमएलमध्ये असावा आणि तो मंजूर साधनानेच तयार केलेला असावा.

"पण मंजूर साधन एकही नाही," कारकून चाचरत म्हणाला.

"म्हणूनच तर अर्ज मागवलाय ना!" अध्यक्ष समजुतीच्या स्वरात म्हणाले.

हौसाबाईने मात्र वाट पाहिली नाही. घाटावरच्या काळ्या खडकावर तिने चुन्याने वेळा लिहून टाकल्या. चौथ्या दिवशी होडीत बसायला जागा उरली नाही. कारकूनही हल्ली खडक वाचूनच होडी गाठतो. वेबपान कोणी उघडत नाही, त्यामुळे त्याबद्दल तक्रारही नाही. समितीने याची समाधानाने नोंद घेतली आहे.

तात्पर्य: हाती आलेले चांगले साधन जो परवानगीसाठी खाली ठेवतो, त्याचे काम दुसराच कोणी चुन्याने उरकतो.

सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.