साळूच्या वाफ्याची कहाणी

ऐका मातीमाय, तुमची कहाणी. आटपाट गाव होतं. सगळ्या कहाण्यांत नगर असतं, तेव्हा सांगणारीनं इथंही नगरच म्हटलं असेल. पण माझ्या ध्यानात गाव राहिलं आहे, आणि ध्यानाचा आता फारसा भरवसा उरलेला नाही. वाफे एकवीस होते की बावीस, तेही छातीठोक सांगवत नाही. ऐकणाऱ्यांनी चूकभूल पदरात घ्यावी. साळूचा वाफा मात्र होता. तेवढं खरं.

त्या गावात हिराक्का नावाची बाई होती. नवरा गेलेला, मूल ना बाळ. पण हाताला गुण फार. तिनं काठी रोवली तर काठीला पालवी फुटावी. शेजारणी मिरचीचं बी घेऊन यायच्या, म्हणायच्या, "अक्का, नुसता हात लावून दे." एकीनं तर कोंबडी अंड्यांवर बसवतानाही तिला बोलावून नेलं होतं. सगळ्याच्या सगळ्या अंड्यांतून पिल्लं निघाली, तेव्हापासून तेही काम तिच्यामागं लागलं.

पण गावाला एक दुःख होतं. पोरं शेतात पाऊल टाकीनात. पारावर बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची, कुणी कामाला हाक मारली तर नखात माती जाते म्हणायची. म्हातारे थकत चालले, बांधावर गवत माजलं. मग पंच बसले. म्हणाले, "गावाबाहेर गावकीची जमीन पड आहे. ती पोरांना द्यावी. ज्याचा त्याचा वाफा. हिराक्का शिकवील." हिराक्कानं होय म्हटलं. घरात पोर नव्हतं, आता वीसबावीस आली, म्हणून तिला फार आनंद झाला.

नागपंचमी आली. त्या दिवशी माती उकरायची नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी वाफे करायचे ठरले. दुपारी हिराक्काच्या दारात एक म्हातारी आली. पायाला चिखल, केसांत काडीकचरा. म्हणाली, "ताक असलं तर घाल, बाई." हिराक्कानं ताक दिलं, भाकरी दिली, वर चटणी वाढली. म्हातारी जेवली, तृप्त झाली. म्हणाली, "तुला एक वसा देते. घेशील?"

"कसला वसा, आजी?"

"पोरांच्या वाफ्याचा. उद्या पोरं वाफे करतील. वाकडं लावतील, लावू दे. खोल पुरतील, पुरू दे. मरेल, मरू दे. विचारलं तर सांगावं. दाखवायचं तर आपल्या वाफ्यात दाखवावं. पण पोराच्या हातचं जे आहे, त्याला तुळशीचं लग्न होईतो आपला हात लावायचा नाही."

हिराक्का हसली. "एवढंच? मग अवघड काय त्यात?"

म्हातारी म्हणाली, "तू उतायची नाहीस, मातायची नाहीस, आळस तर तुला ठाऊकच नाही. पण तुझे हात शिवशिवतील. शिवशिवले की पदरात बांध." एवढं बोलून उठली, परसातून गेली, ती गेलीच.

मग दुसरा दिवस उजाडला. पोरं आली, वाफे केले. दगडू म्हणून एक होता, त्यानं वांग्यांची ओळ लावली. साप गेला असावा, तशी ओळ. हिराक्कानं एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरं जेवायला गेली. हिराक्काला वाटलं, नवीन काही लावायचं नाही, आहे तेच सरळ करायचं. रोपं त्याचीच. मग तिनं ओळ सरळ केली. दगडू आला, बघत उभा राहिला.

"अक्का, ओळ सरळ झाली."

"माती बसली की होते, बाळा."

दगडूला खरं वाटलं. 

दुसरं वर्ष आलं. म्हादू म्हणून एक होता, त्यानं मिरच्यांना येताजाता पाणी घातलं. मिरच्या पिवळ्या पडल्या, माना टाकल्या. हिराक्कानं एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरं जेवायला गेली. तिनं घरची रोपं आणली, मेलेली उपटली, जिती लावली. म्हादू आला.

"अक्का, सकाळी यांनी माना टाकल्या होत्या."

"दव पडलं की तरतरी येते, बाळा."

म्हादूला खरं वाटलं. भर दुपारी दव कुठून पडलं, हे त्यानं विचारलं नाही. पोरं आपल्या माणसाला असलं विचारत नाहीत.

तिसरं वर्ष आलं. कोंडा म्हणून एक पोर होती, तिनं भोपळ्याचं बी हातभर खोल पुरलं. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले, काही वर येईना. कोंडा रोज येऊन मातीला कान लावायची. ते हिराक्काला बघवेना. मग एका दुपारी तिनं घरचा वेल आणला, त्या जागी लावला. कोंडा आली, दोन्ही हात गालाला लावून बसली.

"अक्का, एवढं खोल पुरलं तरी आलं."

"तुझ्या हाताला गुण आहे, बाळा."

कोंडाला खरं वाटलं. तिनं ते आईला सांगितलं, आजीला सांगितलं, विहिरीवर चारचौघींत सांगितलं.

दरसाल तुळशीचं लग्न लागायचं, वाफ्यांतल्या भाजीचं गावजेवण व्हायचं. सात गावचे लोक बघायला यायचे. म्हणायचे, "पोरं घडवावी तर हिराक्कानं." हिराक्का पदर सावरून खाली बघायची. वसा मोडला, असं तिच्या मनाला शिवलंही नाही. आपण लाड केला, असं तिला वाटलं.

मग चौथं वर्ष आलं. रस्त्याच्या कामाला डोंगरापलीकडची माणसं आली. त्यांत एक बाई होती, तिची मुलगी साळू. हिराक्कानं साळूलाही वाफा दिला. बाकीच्यांनी वांगी लावली, भेंडी लावली. साळूनं ओच्यातून एक कंद काढला. गोल, मळकट, अंगावर खवले. पोरं जमली.

"साळे, शेण पेरतेस काय?"

"करांदा आहे. आजीच्या अंगणातला."

"गोड लागतो?"

"कडू. उकडून खातात, तरी थोडा कडू."

"मग लावायचा कशाला?"

"आजीला आवडतो."

पोरं हसली. साळूनं लावला, काठी रोवली, वेल काठीवर चढला. पानं मोठी, हातपंख्यासारखी. सगळ्यांचे वाफे फळाला आले, साळूच्या वेलाला खायजोगतं काही दिसेना. दिवाळी झाली. वेल पिवळा पडला, मग वाळला, काठीला नुसतं सुतळीसारखं उरलं. हिराक्कानं एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी साळूला जवळ घेतलं, म्हणाली, "साळू, तुझा वेल गेला गं."

"नाही, अक्का. निजलाय."

हिराक्काला वाटलं, पोरीला मरण कळत नाही, आणि उद्या सात गावच्या लोकांपुढं हिचाच वाफा उघडा दिसेल. या बाजूला करांदा कुणी लावत नसे, तिनं तो कधी बघितला नव्हता. विचारायचं होतं. विचारलं नाही. दुपारी पोरं जेवायला गेली. हिराक्कानं वाळका वेल ओढला, कंदासकट उपटला, उकिरड्यावर टाकला. घरचं वांग्याचं झाड मातीच्या गड्ड्यासकट आणून तिथं लावलं. झाडाला तीन वांगी होती, काळीभोर.

दुसऱ्या दिवशी तुळशीचं लग्न लागलं. लोक साळूच्या वाफ्यापाशी थांबले. म्हणाले, "बघा, चार दिवसांची पाहुणी, तिलाही अक्काचा गुण लागला." साळू उभी होती. तिनं झाडाकडं बघितलं, हिराक्काकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं बघितलं. तांब्या घेतला, झाडाला पाणी घातलं. पुढं रस्त्याचं काम संपलं, माणसं गेली, साळूही गेली.

मग काय झालं? उन्हाळा गेला, ज्येष्ठ आला. दगडूला मिसरूड फुटलं होतं, बापानं अर्धा एकर त्याच्या हवाली केला. त्यानं ओळी वाकड्या लावल्या आणि माती बसायची वाट बघितली. माती बसली, ओळी वाकड्याच राहिल्या, पाणी टोकाला पोचेना. म्हादूची रोपं माना टाकू लागली. त्यानं दवाची वाट बघितली. कोंडानं बी खोल पुरलं. आपल्या हाताला गुण आहे म्हणून ती घरी निवांत बसली. तिघांचंही काही आलं नाही. पाठची पोरंही तशीच झाली. म्हणाली, "वाफ्यात येत होतं, शेतात येत नाही. आमचा गुण गेला." आणि पुन्हा पारावर जाऊन बसली.

त्याच ज्येष्ठात हिराक्का उकिरड्यावर केर टाकायला गेली. बघते तो एक वेल वर आलेला. त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं, काठी रोवली नव्हती. पानं मोठी, हातपंख्यासारखी. हिराक्का केराची पाटी घेऊन तिथंच खाली बसली. पोर म्हणाली होती, निजलाय.

मग ती साळूला शोधायला निघाली. पारावर दगडू भेटला. म्हणाला, "अक्का, तू म्हणाली होतीस, माती बसली की ओळ सरळ होते. माझी का नाही झाली?"

हिराक्का म्हणाली, "ती मी सरळ केली होती रे."

दगडू म्हणाला, "मग त्यात माझं काय होतं?"

पुढं गेली, म्हादू भेटला. त्यालाही खरं ते सांगितलं. म्हादू हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. म्हणाला, "म्हणजे गावजेवणात आम्ही तुझंच जेवलो, आणि ढेकर आपले दिले."

पुढं गेली, विहिरीवर कोंडा भेटली. तिलाही खरं ते सांगितलं. कोंडानं घागर भरली, चुंबळ नीट केली, घागर डोक्यावर घेतली. म्हणाली, "बरं झालं विहिरीवर सांगितलंस. इथंच मी सगळ्यांना सांगितलं होतं." आणि चालू लागली.

हिराक्का डोंगर चढली, डोंगर उतरली. साळूची आजी वारली होती. साळू अंगणात लाकडं रचत होती. तिनं हिराक्काला ओळखलं, बसायला घोंगडं टाकलं, पाणी आणून दिलं.

"साळू, तुझा करांदा उगवला गं."

"उगवायचाच होता."

"चल माझ्याबरोबर. तुझा वाफा मी तसाच ठेवलाय."

साळू लाकडं रचत राहिली. म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, अक्का. वांग्याला पाणी घातलं ते तुझं झाड म्हणून. दारी आलेल्याला पाणी देतात, तसं."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळे तुझं कौतुक करत होते."

हिराक्काला पाणी पिववेना. तिनं तांब्या खाली ठेवला. म्हणाली, "चुकले मी. येतेस?"

"नको, अक्का. आता मातीला हात लावावासा वाटत नाही."

साळू रागावली नव्हती. तिनं हिराक्काला शिवेपर्यंत सोबत केली, उतरणीचे निसरडे दगड दाखवले, आणि परत फिरली. वाटेत हिराक्काला ती म्हातारी भेटली, तिनं उःशाप दिला, असं काहीजणी सांगतात. मला तसं ऐकल्याचं आठवत नाही. बहुधा भेटली नसावी.

मग नागपंचमी आली, दुसरा दिवस उजाडला. हिराक्कानं दगडूला हाक मारली, म्हादूला हाक मारली, कोंडाला हाक मारली. दोघं आले. कोंडा आली ती उशिरानं, आणि कुणाशी न बोलता आपल्या वाफ्यात उतरली. हिराक्का बांधावर बसली, दोन्ही हात पदरात बांधले. दगडूची ओळ वाकडी गेली. तिनं बघितलं. पाणी मध्येच तुंबलं. तिनं बघितलं. एक लहानगी रडत आली, "अक्का, तू लाव ना गं." हिराक्का म्हणाली, "हात बांधलेत, बाळा. तू लाव, मी बघते." पदराखाली बोटं वळवळत होती. ती तिनं मुठीत धरली.

त्या वर्षी तुळशीच्या लग्नाला भाजी पुरली नाही. आमटी पातळ झाली. सात गावचे लोक आले, हात धुऊन उठले, पुढल्या वर्षी आले नाहीत. दुसऱ्या वर्षी दगडूनं आपली ओळ आपणच उपटली, दोरी धरून पुन्हा लावली. म्हादूनं पाणी कमी केलं. कोंडानं बी पेराभर खोल टाकलं, वर आलं तेव्हा कुणालाही सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षी पोरांच्या हाताला गुण आला. पडलेली शेतं उठली. सगळी नाही, काही पोरं गाव सोडून गेली होती, त्यांची तशीच राहिली. साळूचा वाफा हिराक्कानं मरेतो रिकामा ठेवला. त्यात तण माजलं, तेही तिनं उपटलं नाही.

म्हणून बायांनो, पोरांचे वाफे होतील तेव्हा बांधावर बसावं. हात पदरात बांधावे. विचारलं तर सांगावं, आणि पोर सांगेल ते ऐकावं. तुळशीचं लग्न लागलं की हात सोडावे, पोराच्या हातचं जे काही आलं असेल ते खावं, कडू असलं तरी. मातीमाय दगडूला पावली, म्हादूला पावली, कोंडाला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. धाकट्यांच्या हाताला गुण येवो, थोरल्यांच्या हाताला आवर येवो. ही साठ वाफ्यांची कहाणी पाच ओळींत लावली. जेवढी उगवली तेवढी सुफळ.

संपूर्ण म्हणायला जीभ रेटत नाही. साळूनं पुढं कधी काही लावलं का, हे कहाणीत नाही. पुष्कळ वर्षांनी मीच डोंगरापलीकडं जाऊन, दोन घरी विचारून खात्री करून घेतली. साळू आता म्हातारी आहे, घर नातवंडांनी भरलेलं आहे. दारात तुळस आहे. ती जावेनं लावलेली आहे.