बचावाचा फासा

“...आणि विष पोटात गेलं तर?”

“चिवटपणाचा फासा,” राजस म्हणाला.

“आगीचा लोळ अंगावर आला?”

“चपळाई.”

“डोळ्यांपुढे कुणी खोटी भिंत उभी केली?”

“बुद्धी.”

“भूत अंगात शिरायला लागलं?”

“मग आपला रुबाब.”

“चेटकिणीने मनाचा ताबा...”

“विवेक.” मुकुंदकाकांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर हजर.

सांगलीतल्या त्या माडीवर दर रविवारी तलवारी, राक्षस आणि जादूचा खेळ रंगायचा, तोही नुसत्या कागद-पेन्सिलीवर आणि बोलण्यावर. गेली एकोणीस वर्षं काका तो चालवत होते. आता ते मुलीकडे बेळगावला राहायला निघाले होते. त्यांच्या खुर्चीत राजस बसणार की शाल्मली, हे आज ठरायचं होतं. राजसच्या मते त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

“पैलवानाने सगळीच संकटं ताकदीवर का निभावू नयेत?” काकांनी विचारलं.

राजसला हसू आलं. हे काय विचारणं झालं?

“गुण आपण निवडत नाही, काका. तो वारच निवडतो. सहा गुण म्हणजे घराची सहा दारं. वार ज्या दाराशी येईल, तिथेच उभं राहायचं. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्या गुणाची भर घालायची. त्या संकटाचा ठरलेला आकडा गाठला तर वाचलो.”

काकांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“इतकं चोख आजवर कुणी सांगितलं नाही,” ते म्हणाले. “मलाही जमलं नसतं.”

राजसची छाती फुगली. या एका वाक्यासाठी तो चार वर्षं थांबला होता.

“बस खुर्चीत.”

तो बसला. समोर पुठ्ठ्याचा आडोसा होता. त्याच्यामागे पडलेला फासा फक्त खुर्चीतल्या माणसाला दिसायचा. इथून सगळं टेबल आपलंच वाटत होतं.

“शाल्मलीला काय सांगू?”

“तिचं काय घेऊन बसलात, काका? अजून कुठे चपळाई आणि कुठे चिवटपणा ते विचारत असते. तिच्याच्याने नाही व्हायचं.”

बोलून गेल्यावर त्याला आठवलं, की नियमांची सगळी पानं शाल्मलीनेच हाताने उतरवून त्याला दिली होती. पण आता बोलून झालं होतं.

काकांनी फासा त्याच्यापुढे सरकवला.

“टाक.”

“कशासाठी?”

“बचावासाठी.”

“पण वार कुठे झालाय?”

काकांनी टेबलावरच्या, शाल्मलीच्या अक्षरातल्या पानांवर बोट ठेवलं.

राजसची कानशिलं तापली. त्याने आडोशामागे फासा टाकला. कोणत्या गुणावर, हे त्याने विचारलं नाही.

काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं होतं.

“किती?”

अठरा म्हटलं असतं तरी कोण बघायला येणार होतं? आणि हरलो असं म्हणायची त्याला सवय नव्हती.

“तीन,” तो म्हणाला. “वाचलो नाही.”

आणि उठला.

“कुठे निघालास? बस,” काका म्हणाले. “रविवारी चारला सगळे येतील. शाल्मलीही.”