शेवटच्या खांबाआधी

बैल बोलत होते आणि माणसं ऐकत नव्हती, त्या काळची ही गोष्ट.

पवळ्या बैल शंकरपटाच्या शर्यतीत नावाजलेला होता. पण एका वर्षी जिंकत आलेली शर्यत सोडून तो शेवटच्या खांबाआधी थांबला. त्याचा जोडीदार अडखळून गुडघ्यांवर पडला होता. पवळ्या पुढे धावला असता, तर जुवानं जोडीदाराची मान मोडली असती. धूळ बसेपर्यंत जोडीदार उठून उभाही राहिला. लोकांना दिसलं ते फक्त पवळ्याचं थांबणं. तो जोडीदार पुढे विकला गेला आणि पवळ्याला ‘कामचुकार’ हे नाव चिकटलं. गोठ्यातली वासरंही त्याला त्याच नावानं हाक मारू लागली.

काही वर्षांनी मालक शेषरावांचा एक बैल ऐन पटाच्या दिवशी आजारी पडला. नाइलाजानं त्यांनी म्हाताऱ्या पवळ्याला तरण्या चांद्याबरोबर छकड्याला जुंपलं.

“या वेळी तरी थांबू नको बाबा,” चांद्या म्हणाला.

“नाही थांबत,” पवळ्या म्हणाला. “एकदा जिंकलो, की मी निजायला मोकळा.”

दुखऱ्या सांध्यांनी तो जीव तोडून धावला. छकडा सगळ्यांच्या पुढे होता. शेवटचा खांब दिसू लागला आणि चांद्याचा पाय मुरगळला.

पवळ्यानं एकदा खांबाकडे पाहिलं आणि तो थांबला.

“बघा, पुन्हा तेच!” लोक ओरडले. शेषरावांनी कपाळावर हात मारून घेतला.

धुळीत गुडघे टेकलेल्या चांद्यानं हळूच विचारलं, “तेव्हाही असंच झालं होतं?”

चांद्याला उठता यावं म्हणून पवळ्यानं जुवाखालची मान आणखी वाकवली.

“ऊठ आता,” तो म्हणाला. “घर लांब आहे.”