सायाळीचे चर

सह्याद्रीला माणसाचा पाय लागला नव्हता, तेव्हाची गोष्ट. जनावरांनी मिळून डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाट पाडली होती. तिची डागडुजी म्हातारी सायाळ करायची. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून करायची. दरवर्षी पावसाआधी ती वाटेवर जागोजाग तिरके चर खणायची, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला दरीत उतरायचं.

एका वर्षी बडे पाहुणे गवेराव वाटेची पाहणी करायला येणार म्हणून कारभारी मोराने हुकूम सोडला, "सगळे चर बुजवा. पाहुण्यांचा पाय अडखळेल. शिवाय माझा पिसारा मळतो."

"अहो, मग पाणी जाईल कुठून?" सायाळ कळवळून म्हणाली.

"मावशी, तुम्ही खणायचं काम करा. विचार करायला आम्ही आहोत."

सशांनी चर बुजवले. गवेराव आले, वाट कशी आरशासारखी आहे म्हणाले, आणि मोराच्या गळ्यात माळ पडली.

आषाढात पाण्याने तीच वाट धरली. निम्मी वाट दरीत गेली.

सभा भरली. मोर म्हणाला, "ही बाई वर्षानुवर्षं वाट पोखरत होती. दुसरं काय होणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. सशांनी जरा जास्तच. सायाळ बोलायला पुढे आली.

"जाऊ दे," मोर मोठ्या मनाने म्हणाला. "आता नवी वाट पाडायची. उद्यापासून कामाला कोण कोण येणार?"

सगळे जमिनीकडे बघू लागले. एकच पंजा वर आला, नखं झिजलेला.

"या, मावशी," मोर म्हणाला. "पण चर नकोत."