पाठमोरी सरू

“मग लेखकानं करायचं काय, सर? नुसती खुर्ची अडवून बसायचं?”

निनाद चौगुले हे म्हणाला तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीवर होते. चोरून ऐकलं म्हणाल तर तसं नाही, त्याचा आवाजच तेवढा होता.

विचारलं होतं हेरवाडे सरांना. एके काळी सर दर महिन्याला ‘सरू नावाडीण’ या चित्रकथेचा एक अंक लिहायचे. चित्रं इसाकभाई मुल्लाणींची. आणि त्या दोघांच्या मधे मी, कुमुद जिरगे. पात्रांच्या तोंडाशी फुगे असतात ना, त्यांत अक्षरं घालणारी. माझं नाव शेवटच्या पानावर छापखान्याच्या पत्त्याखाली यायचं, तेही जागा उरली तर. त्यामुळं निनादचं गाऱ्हाणं ऐकताना मला खरं सांगायचं तर जरा हसूच येत होतं.

कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात चित्रकथांचा मेळावा भरला होता. एरवी नवरानवरी बसतात त्या लाल मखमली खुर्च्यांवर प्रकाशक मंडळी बसलेली. खाली टेबलं मांडलेली आणि प्रत्येक टेबलाशी एक जोडी, लिहिणारा आणि काढणारा.

लिहिणारा निनाद आणि काढणारी तेजस्विनी सुतार, म्हणजे तेजू, यांची जोडी सहा वर्षांची. त्यांची ‘धुरपी’ सध्या जोरात आहे. धुरातून चालत जाणारी पोरगी. कॉलेजची मुलंमुली धुरपीसारखी कपाळाला राख फासून आली होती, आणि रांग पार जेवणाच्या हॉलपर्यंत गेली होती.

रांग तेजूसमोर होती.

साहजिक आहे. लोकांना चित्र काढून हवं असतं. वहीत डोळ्यादेखत धुरपी उतरते, तिचा फोटो काढता येतो, घरी नेऊन दाखवता येते. लेखकाकडं मागायचं काय? सकाळपासून लोकांनी निनादला दोनच गोष्टी विचारल्या होत्या, पेन आहे का आणि बाथरूम कुठं आहे. एकीनं तर त्याच्याकडं पिशवी धरायला दिली होती.

“सकाळपासून एकसुद्धा वाचक माझ्याकडं आला नाही, सर,” तो म्हणाला. “एकसुद्धा नाही.”



मग त्यानं खरी गोष्ट काढली. चार वाजता व्यासपीठावरून नव्या मोठ्या मालिकेची घोषणा व्हायची होती. लेखक निनाद, हे ठरलेलंच होतं. चित्रकाराचं नाव प्रकाशकांनी त्याच्यावर सोडलं होतं. तेजू, नाहीतर दुसरा एक जण. तो झपाट्यानं काम करतो म्हणे, लेखकाचं नाव वर मोठं घालायला त्याची काही हरकत नाही, आणि लेखक सांगेल तेवढंच काढतो, तोंडातून शब्द काढत नाही.

“तेजूचं तसं नाही,” निनाद म्हणाला. “ती फार प्रश्न विचारते. धुरपी इथं का थांबली? तिच्या हातात काय आहे? तिची आई कशी दिसायची? अहो, आई गोष्टीत येतच नाही.”

माणूस आशीर्वाद मागायला आला की लगेच ओळखू येतो. निर्णय झालेला असतो, वरून नुसता हात हवा असतो. तेजूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती तिकडं मान खाली घालून काढत होती. मला तिचं फार वाईट वाटलं आणि त्या पोराचा रागही आला. पण सर असताना मी मधे बोलत नाही.



आमच्या टेबलाशी इसाकभाई लोकांना सरू काढून देत होते, आणि सरांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यांच्या कागदावर टेकलेली होती. सकाळपासून ती तिथंच होती.

त्याचं असं आहे. तीन वर्षं झाली, इसाकभाईंचा हात कापतो. पूर्वी डाव्या हातानं कागद धरायचे आणि उजव्यानं काढायचे. आता डाव्या हातानं उजवं मनगट धरावं लागतं, मग कागद कोण धरणार? वरती लग्नाच्या हॉलमधले ते मोठे पंखे. कागद हलला की रेघ गेलीच. म्हणून कागद सर धरतात.

लोकांना वाटायचं, हे इसाकभाईंच्या घरातलेच कुणी असतील. सकाळी एकानं त्यांना सांगितलं, काका, फोटोत येताय, जरा वाका. सर वाकले. बोटं मात्र कागदावरून काढली नाहीत.

मी बघतच राहिले. मला जुने सर माहीत आहेत ना. एकदा फुग्यात मावेना म्हणून मी त्यांचा एक स्वल्पविराम गाळला, तर हा माणूस आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

निनादला ते वाकणं फार लागलं होतं. स्वतःला पिशवी धरायला लागली त्यापेक्षाही जास्त, असं मला वाटलं, आणि तेवढ्यापुरता तो मला आवडलाही.

“दोनशे अंक लिहिलेत तुम्ही,” तो म्हणाला, “आणि इथं कागद धरून बसलाय.”

“चहा प्यायचाय मला,” सर म्हणाले. “ये, इथं दाब जरा.”

“मी?”

“दोन बोटं ठेव. जोर लावू नकोस.”

आता यावर नाही कसं म्हणणार? निनाद सरांच्या खुर्चीत बसला, दोन बोटं ठेवली. सर त्याच्या मागं उभे राहून कागदी कपातला चहा पिऊ लागले. पिता पिता माझ्याकडं बघून एकदा भुवया उडवल्या. हे त्यांचं जुनंच.

पहिल्यांदा निनादनं बोटं एवढी दाबली की कागदाला घडी पडली. इसाकभाईंनी दुसरा कागद घेतला. मग जमलं.

तेवढ्यात इचलकरंजीच्या एक बाई आल्या. साठीकडं झुकलेल्या, दवाखान्यात परिचारिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. पिशवीतून त्यांनी ‘सरू’चा एक अंक काढला. अडतीस वर्षांपूर्वीचा. कडांना खाकी कागद चिकटवून जपलेला.

पान त्यांना शोधावं लागलं नाही. अंक आपणहूनच तिथं उघडला.

मला ते पान ओळखू आलं. सरूचा नवरा पुरात गेलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरू घाटावर बसलेली असते. अख्ख्या पानाची एकच चौकट. सरू पाठमोरी. त्या पानावर मला काहीच काम नव्हतं, फुगा नाही, ओळ नाही, एक अक्षर नाही. म्हणून तर ते माझ्या चांगलं लक्षात आहे.

बाई इसाकभाईंना सांगू लागल्या. त्यांचे यजमान गेले तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. तेराव्यानंतर कामावर जायचं होतं आणि पाय उचलत नव्हता. माळ्यावर जुनी मासिकं होती, त्यांत हे पान निघालं. किती वेळ बघत बसले कोण जाणे, म्हणाल्या. मग उठले आणि साडी बदलली.

बाईंचा आवाज बिलकुल हलला नाही. मीच डोळ्यांना पदर लावला.

त्यांना हीच सरू काढून हवी होती, पाठमोरी. इसाकभाई काढायला लागले. मनगट धरलेलं, रेघ थोडी थरथरती. निनादची बोटं कागदावर. तो आता बाईंकडं बघत नव्हता, रेघेकडं बघत होता.

“एक विचारू?” बाई म्हणाल्या. “तिचं तोंडसुद्धा दिसत नाही. बोलत नाही. तरी सगळं कळतं. कसं सुचलं हो तुम्हाला हे?”

इसाकभाईंनी पेन्सिल थांबवली.

डोळे मिटले. आम्हाला वाटलं, थकले.

मग ते बोलायला लागले, सावकाश, शाळेत कविता म्हणावी तसं.

“इसाक, पान अख्खं घे. सरू पाठमोरी. रडत नाहीये. रात्रभर झोपली नाही, ते अंबाड्यावरून कळू दे, तोंड दाखवू नकोस. नाव खुंटाला बांधलेली आहे, पण दोर तिच्या हातात आहे. पलीकडच्या काठावर माणसं उभी आहेत, अगदी बारीक. त्यांना अलीकडं यायचंय. आज बाजार आहे. त्यांना कालचं काही माहीत नाही...”

थांबले.

“...ती उठेल की नाही, ते मला कळत नाहीये. तीन दिवस झाले, बसलोय. तू काढ. मग मला कळेल.”

पंखे फिरत होते.

हे मी कधी वाचलेलं नव्हतं. वाचणार कशी? माझ्याकडं यायचा तो फक्त फुग्यांतला मजकूर. चौकटीत काय असावं, हे सर चित्रकारासाठी वेगळ्या वहीत लिहायचे, ते सायकलवरून थेट इसाकभाईंच्या घरी जायचं. छापलं कधीच जात नाही ते. त्या वह्यासुद्धा पुढं पुराच्या पाण्यात गेल्या.

“कुणाचं पत्र होतं का हे?” बाईंनी विचारलं.

“व्हय,” इसाकभाई म्हणाले. “पत्रच.”

आणि पुढं काढायला लागले. चित्र झालं. बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, इसाकभाईंना वाकून नमस्कार केला, सरांना म्हणाल्या, काका, चहा गार झाला असेल तुमचा. आणि गेल्या.

पत्र कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.

मी सरांकडं पाहिलं. सरांचे डोळे भरले होते. हेरवाडे सरांना मी पन्नास वर्षं ओळखते, आणि तोवर एकदाही त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. कप हातात तसाच होता.

“इसाक,” ते म्हणाले, “तुला अजून पाठ आहे?”

“पुष्कळ आहेत, मास्तर.” इसाकभाईंनी नवा कागद पुढं ओढला. “पण आता म्हणून दाखवा म्हणू नका. रांग लागलीय.”

हसले दोघं. मीही नाक पुसलं आणि हसले.

निनाद मात्र हसला नाही. तो जवळजवळ चिडलाच.

“सर, त्या बाईंना सांगायला पाहिजे होतं. त्या आयुष्यभर ज्या पानावर जगल्या, ते तुम्ही लिहिलंय. बोलावू का त्यांना? अजून दारातच असतील.”

“काय सांगशील?”

“हेच. की खरे लेखक तुम्ही.”

“त्या पानावर माझं एक अक्षर तरी आहे का, विचार हिला.”

त्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी मान हलवली. नव्हतंच.

निनादची बोटं अजून कागदावर होती, इसाकभाईंची दुसरी सरू सुरू झाली होती. मग त्यानं मान वर केली आणि हॉलच्या त्या टोकाला पाहिलं.

तेजूसमोरची रांग थोडी कमी झाली होती. तिच्या कोपराशी निनादच्याच नव्या भागाची पानं होती, सकाळी मी जवळून पाहिलेली, चार घड्या पडलेली, समासात पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं. एक वही संपवून दुसरी यायच्या आत तिनं एक पान उलटलं, वाचलं, आणि एकटीच हसली. मग पुढच्या मुलीची वही ओढून घेतली.

निनादनं हे पाहिलं. त्यानं ते पाहिलं हे मी पाहिलं.

चार वाजले. व्यासपीठावरून माईकवर त्याचं नाव पुकारलं. एकदा, मग दुसऱ्यांदा.

तो उठला. सर त्याच्या जागी बसले, बोटं ठेवली.

दोन पावलं जाऊन तो परत आला. चेहरा पार उतरला होता पोराचा.

“सर... मी त्यांना काय सांगू?”

सरांनी कागदावरून नजर काढली नाही.

“मला काय विचारतोस? तुझी वाचक तिकडं बसलीय.”