शीलवंतीची क्षमा

"आणि क्षमा करायला मला कुणी शिकवलं, बाई? तुम्हीच ना?"

पाळक नथनेल साळवे घरात पाऊल टाकताटाकताच कडाडला. सलामसुद्धा केला नाही.

तबीथाबाईंनी वर पाहिलं नाही. त्या शीलवंतीचे केस विंचरत होत्या. शीलवंतीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, गळ्यात अडकवलेला.

तबीथाबाईंनी ऐंशी ओलांडली होती. चाळीस वर्षं बायबलबाई म्हणून त्यांनी प्रवरेकाठची खेडी पायी तुडवली, घरोघरी बायकांना शास्त्र वाचून दाखवलं. ख्रिस्तवाडीतल्या निम्म्या पोरांनी अक्षरं गिरवली ती त्यांच्याच ओसरीवर. नथनेल त्यांतलाच. सेमिनरीतून पहिल्या नंबरानं बाहेर पडला आणि आता इथंच पाळक होता. त्याचा उपदेश ऐकायला शेजारच्या गावांतून माणसं येत. हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

"उद्या रविवार, चर्चमध्ये प्रभुभोजन आहे," तो म्हणाला. "सुधाकर आपल्या मंडळीचा वडील, चर्चचा कारभारी. द्राक्षरसाचा प्याला त्याच्या हातानं फिरतो. आणि त्याची बायको आठ दिवस इथं येऊन बसलीय! लोक मला विचारतात. मी काय सांगू?"

"हात कुणी मोडला, ते सांग."

"त्याला पस्तावा झालाय! माझ्यासमोर गुडघे टेकून रडला तो."

"मार्चमध्येही रडला होता," शीलवंती म्हणाली. "तुमच्याचसमोर. तुम्ही आमच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीत आणि मला त्याच्या गाडीवर बसवून दिलंत."

नथनेलला हे मध्येच बोलणं आवडलं नाही. तरी त्यानं आवाज मऊ केला, आजाऱ्याच्या खाटेपाशी करायचा तसा.

"शीलवंतीबाई, प्रभूनं तर आपल्याला खिळे ठोकणाऱ्यांनासुद्धा क्षमा केली."

"मीही केलीय, पाळकसाहेब. रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करते. पण त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही."

"मग ती क्षमा कसली?"

फणी थांबली.

वर्गात कुणी पाटी फोडली, कुणी खोटं बोललं, तरी बाईंचा आवाज कधी चढला नव्हता. आज त्यांचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"इकडे ये, नथू."

तो पुढे झाला.

"खाली बस."

इस्त्रीची पँट सावरत तो जमिनीवर बसला.

बाईंनी शीलवंतीची मान हलकेच पुढे वाकवली आणि मागचे केस दोन्ही हातांनी बाजूला केले. तळहाताएवढा चट्टा उघडा पडला. केस मुळापासून उपटलेले. कातडीवर वाळलेलं रक्त, कडेला पिवळट सूज.

"तुला वाचायला मी शिकवलं," बाई म्हणाल्या. "हे वाच."

नथनेलनं मान वळवली.

"वाच ना! मोठ्यानं वाच! वेदीपाशी उभा राहून वाचतोस, तसं वाच!"

नथनेलला मार्चमधली ती दुपार आठवली. गाडीवर बसताना शीलवंतीनं एकदा मागे वळून पाहिलं होतं. त्याला वाटलं, आभार मानतेय. त्यानं हसून हात हलवला होता.

"मला... मला माहीत नव्हतं, बाई."

"विचारलं होतंस?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"बाहेर गाडीचा आवाज झाला. कोण आलंय तुझ्याबरोबर?"

"सुधाकर. हिला न्यायला."

"जा. त्याला सांग, ती येणार नाही. आणि उद्या प्याल्याला हात लावायचा नाही."

"मी सांगू?"

"पाळक कोण आहे?"

"बाई, तुम्हाला माहीत नाही तो किती तापट आहे. तो सरळ अंगावर..."

आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं.

शीलवंतीनं मान उचलून पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"एक गाल तिचा झाला," तबीथाबाई म्हणाल्या. "आता तुझा."

नथनेल उठला. त्यानं दार उघडलं आणि बाहेर येऊन आपल्यामागे ओढून घेतलं.

चिंचेखाली मोटारसायकलवर सुधाकर उजागरे बसला होता. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन.

"आली का?"

"ती येणार नाही, सुधाकर. आणि उद्या प्रभुभोजनाचा प्याला तुझ्या हातात येणार नाही."

सुधाकर सावकाश गाडीवरून उतरला. जवळ आला. फाडकन आवाज झाला आणि नथनेलचा चष्मा धुळीत पडला. समोरच्या नळावर दोन बाया भरत्या हंड्यांवरून हात काढून उभ्या राहिल्या.

"तुला ह्या मंडळीचा पाळक केलं कुणी रे? मी! बाजूला हो!"

नथनेलनं चौकट घट्ट धरली.

"ती येणार नाही."

दुसरा तडाखा कानावर बसला. तोवर नळावरच्या बाया ओरडल्या होत्या. घराघरांतून माणसं बाहेर आली. त्यांनी मंडळीच्या वडिलांकडे पाहिलं, मग पाळकाच्या गालाकडे पाहिलं. कुणी जागचं हललं नाही. सुधाकरनं गाडीला किक मारली आणि निघून गेला.

नथनेल आत आला. कानात शिट्टी वाजत होती. ओठाच्या कोपऱ्यातून रक्त येत होतं. शीलवंतीनं डाव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यानं तो घेतला, पण तसाच धरून उभा राहिला.

"सोमवारी तालुक्याला जाऊ," तो तिला म्हणाला. "पोलिसात तक्रार द्यायला. मी साक्ष देईन. मार्चचीसुद्धा."

तिचे डोळे भरून आले.

मग नथनेल बाईंकडे वळला. वळताना तांब्यातलं पाणी त्याच्या पायावर सांडलं.

"बाई, क्षमेवर मी किती उपदेश केले असतील, मोजदाद नाही. आणि आत्ता... आत्ता त्याचा गळा धरावासा वाटतोय मला. माझ्याच्यानं क्षमा होत नाही. खरंच होत नाही. उद्या वेदीपाशी उभं राहायची माझी लायकी नाही. दुसऱ्या कुणाला तरी उपदेश करायला सांगतो."

तबीथाबाईंनी पुन्हा फणी हातात घेतली.

"उद्या तूच बोल. आत्ता बोललास तेच बोल," त्या म्हणाल्या. "उद्या मी ऐकायला येते."